एक जमीन, दोन गरम, तीन थंड

आमच्या कसाल गावात कोणाचंही लग्न असो, बापूकाका मांडवात शिरले की आधी नवरा-नवरीकडे जात नाहीत. माइकच्या वायरीकडे जातात. पिन उपसतात, उघडून आत डोकावतात आणि मंडपवाल्याला विचारतात, "ह्या कोणी जोडला? तुझ्या आज्यान?" अक्षता त्यानंतर.

बापूकाका आमचे शेजारी. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाले, पण खांद्याची पिशवी कायम वायरमनची. माइकच्या पिनेला तीन काटे असतात आणि त्यांचा पाढा काकांनी सगळ्या वाडीकडून घोकून घेतला आहे: "एक जमीन, दोन गरम, तीन थंड." गरम आणि थंड म्हणजे आवाज नेणाऱ्या दोन तारा, जमीन म्हणजे त्यांच्याभोवतीची तांब्याची जाळी. ती एक नंबरला नीट बसली नाही की स्पीकर घुमतो, आणि स्पीकर घुमला की काका असे वळतात, जणू त्यांच्या बागेच्या हद्दीचा दगड कोणी सरकवला.

मी बातमीदार. मला सगळ्यातलं थोडंफार कळतं असा माझा समज आहे. काकांचा नाही.

गेल्या वर्षी काकींच्या घशाचं ऑपरेशन झालं. त्याआधी देवळातल्या भजनात पहिला आवाज त्यांचा असायचा. त्यानंतर घरातही गुणगुणणं थांबलं. यंदाच्या सप्ताहात एक अभंग म्हणायला त्या कशाबशा तयार झाल्या.

"माझो आवाज आता मागच्या लोकांपर्यंत पोचूचो नाय," त्या म्हणाल्या.

"तू म्हण गो. पोचवूचा काम माझा."

अभंगाच्या संध्याकाळी काकांनी देवळात माइक लावला, तर स्पीकर घोंघावला. पिन आतून मोडली होती. काकांनी नवी पिन काढली, सोल्डरिंग आयर्न तापवलं; पण वायर दोनदा हातातून निसटली. कथलाचा डाग काट्यावर पडेना. शेवटी आयर्न माझ्या हातात आलं.

"बातमी लिवतस तसा जोडू नको," ते म्हणाले. "खराच जोड."

मी तिन्ही डाग नेमक्या जागी दिले. हे विधान मी जबाबदारीने करतो. मग पिन अभिमानाने वर धरली. काकांनी टेबलावरचं पिनेचं कव्हर उचललं. ते आधी वायरीत ओवायचं असतं. जोडणी झाल्यावर ते कुठूनच चढत नाही.

"आता ह्या खंय घालू? तुझ्या डोक्यार?"

तिन्ही डाग वितळवून पुन्हा दिले. या खेपेला माइक स्वच्छ बोलला.

काकी बसल्या. टाळ सुरू झाले. पहिला चरण त्यांनी निभावला. आवाज बारीक होता, पण सभामंडपाबाहेर चपलांपाशी उभ्या असलेल्यांपर्यंत जात होता. दुसऱ्या चरणात वरच्या सुराला तो फाटला, आणि मग उमटेनाच. टाळ थबकले. काकी मांडीवरच्या हातांकडे बघत राहिल्या.

तेवढ्यात स्पीकरमधून 'टप्प' झालं. काकांनी आवाजाच्या मिक्सरमधली माइकची पिन उपसली होती.

"थांबा रे सगळे! लाइन गेली!" ते ओरडले. "ह्या पत्रकारान जोडलेली वायर, दुसरा काय होतला!"

सगळं देऊळ माझ्याकडे वळलं. "पेपरात चुकता, आता वायरीत पण चुकलो!" मागून कोणीतरी म्हणालं, आणि मंडळी मोकळेपणी हसली. काकींकडे कोणाचं लक्ष राहिलं नाही. माझ्यापाशी खुलासा होता. तो मी केला नाही.

काका पिन उघडून बसले. आत फुंकर मारली, वायर उगाच चाचपली. मी शेजारीच होतो. तिन्ही डाग जागेवर होते. काकांची नजर पिनेवर नव्हतीच. समोर काकी तांब्यातलं पाणी पीत होत्या, घोट घोट. त्यांनी पदराने तोंड पुसलं, घसा साफ केला, आणि काकांकडे बघून हळूच मान हलवली.

लाइन तेव्हा दुरुस्त झाली.