भांगातली फट

“फट कुठलीही असो, मी बुजवते!” असं दातांच्या डॉक्टरीणबाई छाती पुढे काढून सांगत. पण लोकांच्या दातांतल्या फटी बुजवता बुजवता त्यांच्या स्वतःच्या भांगातली फट मात्र रुंदावत चालली होती. आधी पायवाट होती, मग गाडीवाट झाली, आणि हल्ली आरशात बघायचं म्हटलं की त्यांना रडूच यायचं.

उपायांत कसूर नव्हती. दवाखान्याच्या काउंटरवर बसणारी त्यांची नणंद रोज नवं काहीतरी शोधून आणी. कांद्याचा रस चोळला, तर पेशंट खुर्चीत बसण्याआधीच डोळे पुसू लागले. केसांच्या डॉक्टरांनी फवारा दिला आणि वर सांगितलं, “धीर धरा.”

धीर धरायला वेळ कुणाला होता? शेजारच्या शाळेच्या मुख्याध्यापिका स्वतःचे दात दाखवायला येणार होत्या. त्यांना काम पसंत पडलं, तर अख्ख्या शाळेच्या दातांची तपासणी डॉक्टरीणबाईंकडे येणार होती. आणि ती हवीच होती हो! दवाखान्यात माश्या मारून मारून हात दुखायला लागले होते.

“वहिनी, ही घ्या काळी भुकटी,” नणंदेने डबी पुढे केली. “भांगावर भुरभुरायची, की टक्कल गायब!”

“टक्कल म्हणू नकोस!”

“बरं, मोकळी जागा.”

जागा खरोखरच भरली. फक्त दात तपासताना घालायची टोपी चढवली की भुकटी टोपीलाच पुसून येई, म्हणून त्या दिवशी टोपीला सुट्टी मिळाली.

मुख्याध्यापिका आल्या, खुर्चीत बसल्या आणि बसल्या बसल्या बजावलं, “माझ्या दातांना जन्मात कीड लागलेली नाही.”

डॉक्टरीणबाईंनी दिवा लावला, वाकून पाहिलं. दाढेवर काळा ठिपका!

“इथे थोडी कीड दिसते.”

“अशक्य!”

डॉक्टरीणबाईंनी टोकदार हत्यार लावलं, तर ठिपका निघून आला. पण तेवढ्यात पुढच्या दातावर दोन नवे! चूळ भरायला लावली, दात लख्ख झाले. पुन्हा वाकल्या, तर आता खालची अख्खी रांग काळी! नीट दिसावं म्हणून त्या जितक्या जवळ वाकत, तितकी कीड वाढत होती.

“अगंबाई, ही तर पळते आहे!” त्यांच्या तोंडून निघून गेलं.

नणंद धावत आली. “काय पळतंय, वहिनी?”

“कीड!”

मुख्याध्यापिका ताडकन उठून बसल्या. त्यांनी खुर्चीशेजारचा हातआरसा उचलून आधी स्वतःच्या तोंडापुढे धरला आणि मग सावकाश डॉक्टरीणबाईंच्या डोक्यावर धरला.

“बाई, कीड माझ्या दातांत नाही. ती तुमच्या भांगातून गळते आहे.”

डॉक्टरीणबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं.

“भुकटी आहे हो ती,” त्या कशाबशा म्हणाल्या. “केस फार विरळ झालेत माझे. लाज वाटते म्हणून लावली. माफ करा.”

“डोकं खाली करा,” मुख्याध्यापिकांनी वर्गात करतात तसा हुकूम सोडला. “अजून खाली. जरा उजेडात या. ती भुकटी पुसा बघू.”

डॉक्टरीणबाईंनी निमूटपणे रुमाल फिरवला. शाळेचं काम गेलं, असं त्या धरूनच चालल्या होत्या.

“छान!” मुख्याध्यापिका म्हणाल्या.

“छान?”

“शाळेचं काम तुम्हालाच. अहो, आमच्या पोरांच्या डोक्यांत उवांचा नुसता सुळसुळाट! आधीच्या डॉक्टरीणबाईंची वेणी कमरेपर्यंत. पहिल्याच दिवशी इतक्या उवा घेऊन घरी गेल्या, की पुन्हा शाळेकडे फिरकल्या नाहीत. तुमच्याकडे मात्र उवांना राहायला जागाच नाही.”

नणंदेने पटकन तोंडात पदर कोंबला. हसावं की रडावं, हे डॉक्टरीणबाईंना कळेना. पण काम तर मिळालं होतं! त्यांनी आभार मानले.

दारापर्यंत गेलेल्या मुख्याध्यापिका मागे वळल्या. “आणि हो, तो फवारा-बिवारा काही मारत असाल तर बंद करा हं. चुकून उगवले तर पंचाईत!”