मैदानाकडे पाठ

आपल्याच संघाचे सामने न बघणारा प्रशिक्षक तुम्ही कधी बघितलाय? मी बघितलाय. मुली मैदानात उतरल्या की आमचे गर्जे सर मैदानाकडे पाठ करतात आणि कुंपणाच्या बाभळीकडे तोंड करून उभे राहतात. हात मागे, बोटं एकमेकांत अडकवून पांढरीफटक पडलेली. आणि शेजारी मी. मी शाळेत गणित शिकवते, खेळातलं मला ओ की ठो कळत नाही, पण सरांचे डोळे म्हणून माझी नेमणूक झालेली आहे.

"मॅडम, काय झालं?"

"कविताकडे चेंडू आला."

"पडली का?"

"पडली."

"उठली का?"

"उठली."

"मग तेवढं आधी सांगायचं न्हाई व्हय? हितं माझा जीव जातोय!"

आडनाव गर्जे, पण या माणसाने उभ्या जन्मात गर्जना केल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. सामन्याच्या दिवशी पहाटे उठून हे गृहस्थ मैदानातले खडे वेचतात. मुलींचे बूट उलटे करून विंचू आहे का बघतात. पिशवीत हळद, मीठ-साखर, पट्ट्या आणि मारुतीचा शेंदूर. आभाळ आलं की पावसाची काळजी, आभाळ नसलं की उन्हाची. एकटा माणूस, ना बायको ना पोर, त्यामुळे काळजी करायला वेळ भरपूर.

चार वर्षांपूर्वी सर पुण्याला क्रीडाशिक्षकांच्या शिबिराला गेले आणि येताना एक लांबोळका चेंडू घेऊन आले. गावाने त्याचं नाव ठेवलं पपई. हा म्हणे ऑस्ट्रेलियातला फुटबॉल. एका बाजूला अठरा जणी. चेंडू लाथेने मारायचा, उंच उडी मारून हाताने झेलायचा, मुठीने ढकलायचा. मैदानही पपईसारखंच लांबट गोल. ते मी आखून दिलं. दोन खुंट्या आणि एक कासरा, झालं लंबवर्तुळ. वीस वर्षांच्या नोकरीत माझं गणित पहिल्यांदाच कुणाच्या तरी उपयोगी पडलं.

मैदानाच्या दोन्ही टोकांना चार-चार खांब लागतात. सरांनी आठ वेळू आणून टाकले, तर अख्खं गाव विचारायला लागलं, "कुणाचं लगीन?" पहिल्या सामन्याला म्हातारे रंगनाथतात्या खरोखर फेटा बांधून आले, आणि आलोच आहोत तर म्हणून शेवटपर्यंत बसले.

मधल्या दोन खांबांतून चेंडू गेला तर सहा गुण. नेम चुकून बाजूच्या खांबांमधून गेला तर एक. सर या खेळावर भाळले ते या एका गुणासाठी.

"असा खेळ जगात न्हाई, मॅडम. चुकलं तरी एक देत्यात! आमच्या पोरींना चुकल्यावर आजवर कुनी काय दिलंय का?"

गणितात असं चालत नाही, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे फार वाईट नजरेने बघितलं.

पाठ करायची खोड त्या पहिल्याच सामन्यात लागली. सर डोळे फाडून बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत कविता पडून तिचा हात मोडला. "माझी नजर वाईट हाय," सर म्हणाले. तेव्हापासून बाभळ.

गेल्या दिवाळीनंतर पुण्याहून फोन आला. मुलींची पगारी लीग सुरू होणार होती आणि त्यात आपल्या जिल्ह्याचा एक संघ बांधायचा होता. खेळायचं, आणि वर दर महिन्याला पगार घ्यायचा! निवड करणारे दोघे शनिवार-रविवार येणार, आमच्या मुली आणि देवळाली प्रवराच्या मुली समोरासमोर खेळणार. अट एकच, प्रत्येकीने पुऱ्या अठरा उतरवायच्या. ही आनंदाची बातमी सरांनी अशा चेहऱ्याने सांगितली की मला वाटलं कुणीतरी गेलं.

"मॅडम, आपल्या सतराच हाईत."

आमच्या मुली म्हणजे बारावी होऊन गेलेल्या, तरी संध्याकाळी न चुकता मैदानावर येणाऱ्या. अठरावी कविता. खरं तर तीच पहिली, बाकीचा संघ तिच्या मागे पळतो. पण पाथर्डी तालुक्यातली आमची निम्मी गावं दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात, आणि यंदा आईच्या जागी कामाला म्हणून कविता आईवडिलांबरोबर कोपरगावकडे गेली होती.

आम्ही दोघं एसटीने कोपरगाव गाठलं. वाटेत सरांनी तीन वेळा परत फिरायचं ठरवलं. उसाच्या फडाशेजारी वाळल्या पाचटाच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, होत्या, त्यातल्या एकीपुढे कविताचे वडील भानुदास कोयत्याला धार लावत बसले होते. मी बोलायला सुरुवात केली आणि वळून बघते तर सर आमच्याकडे पाठ करून उसाच्या ट्रॉलीकडे तोंड करून उभे!

"त्ये सर तिकडं तोंड करून का हुबं हाईत?" भानुदासांनी विचारलं.

"त्यांना भीती वाटते."

"कशाची?"

"तुम्ही नाही म्हणाल याची."

भानुदासांनी कोयता खाली ठेवला. "मॅडम, कोयता म्हंजी दोन मान्सं. मी तोडनार, ती मोळ्या बांधनार, डोक्यावं वाहून ट्रॉलीत टाकनार. हिच्या आईची कंबर धरलीया, हितं आत पडून हाय. पोरगी दोन दिस गेली तर अर्धा कोयता मुकादम ठिवून घेतोय व्हय?"

कविता बाजूला उभी होती. हातांवर उसाच्या पात्याचे ओरखडे. ती नुसती सरांच्या पाठीकडे बघत होती.

"काय म्हनले, मॅडम?" पाठीतूनच प्रश्न आला.

"नाही म्हणतात."

सर ट्रॉलीलाच सांगावं तसं म्हणाले, "मी येतो."

"कुठं?"

"मोळ्या बांधायला. शनवार-रैवार. मला येतंय. आईसंगं लई बांधल्यात ल्हानपनी."

शेजारच्या कोपीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. "बापई मानूस मोळ्या वाहनार! भानुदासची कारभारीण आली गं!" भानुदासही हसले, आणि हसता हसता त्यांनी मान हलवली. होकाराची.

परतीच्या एसटीत मी सरांवर भडकले. "अहो, चार वर्षं ज्यासाठी खपलात, त्या दिवशी तुम्ही उसात?"

"मी तसंबी बघत न्हाई, मॅडम. पाठ हितं केली काय अन् तिथं केली काय."

शनिवारी सराव झाला, रविवारी सामना. बाभळीपाशी मी एकटी, कानाला मोबाईल. पलीकडून पाचटाची सळसळ आणि सरांची धाप.

"सांगा."

मी सांगायला लागले. पुण्याचे ते दोघे वहीत काहीबाही लिहीत होते. देवळालीच्या मुली उंच, अंगाने भरलेल्या, पहिल्या अर्ध्या तासातच त्यांनी आम्हाला मागे टाकलं. सर दर मिनिटाला विचारत होते, मी दर मिनिटाला "उठली" म्हणत होते. तेवढ्यात चेंडू वर गेला आणि कविता देवळालीच्या एका मुलीच्या खांद्यावरून उडाली. काय उडाली! चेंडू दोन्ही हातांत आला आणि ती पाठीवर धाडकन आदळली.

"पडली का?"

"पडली."

"उठली का?"

ती हलत नव्हती. चार वर्षं मी या माणसाला हे उत्तर कांदे-बटाटे सांगावेत तसं देत आले, पण ते ऐकेपर्यंत त्याचं काय होत असेल याचा विचार मी कधी केला नव्हता. फोनमधली सळसळ थांबली. लांबून कुणीतरी ओरडलं, "ओ सर, मोळी उचला की!" सर उचलत नव्हते.

"मॅडम... उठली का?"

कविता कुशीवर वळली. एक गुडघा टेकला. मग दुसरा. चेंडू तसाच छातीशी धरलेला.

"उठली!" मी अशी किंचाळले की फेटा बांधून बसलेले तात्या दचकून उभे राहिले. "उठली, सर! उठली!"

तिने तिथूनच लाथ मारली. चेंडू मधले दोन खांब सोडून बाजूच्या खांबांमधून गेला.

"किती मिळालं?"

"एक."

"एक बी बास झाला," सर म्हणाले, आणि बराच वेळ नाक ओढत राहिले. "पाचटाचं कुसळ गेलं डोळ्यात. चालू ठिवा."

सामना आम्ही हरलो. पण संघात आमच्या अकरा जणी घेतल्या, यादीत पहिलं नाव कविताचं. प्रशिक्षक मात्र त्यांचा, परवाना असलेला. सरांचं नाव कुठेच नव्हतं. मला फार राग आला. सरांना सांगितलं, तर म्हणाले, "बरं झालं. न्हाईतर बघावं लागलं असतं."

होळी झाली, कारखान्यांचे पट्टे पडून गाळप संपलं, माणसं गावाकडे आली. मग एका सकाळी मुलींना न्यायला मैदानाशेजारच्या रस्त्यावर बस उभी राहिली. सरांनी तिची चारही चाकं लाथ मारून तपासली, ड्रायव्हरला घाट जपून उतरायला सांगितलं, कविताच्या आईच्या कमरेला लावायचं तेल चुकून दुसऱ्याच मुलीच्या आईला दिलं. आणि बस सुरू झाल्याबरोबर वळले बाभळीकडे.

"सर!" कविता खिडकीतून अर्धी बाहेर आली. "एकदा तरी इकडं बघा की!"

सरांनी न वळता हात वर केला. तो हात वर असतानाच बस वळणावरून दिसेनाशी झाली.

"मॅडम, गेली का?"

रस्ता रिकामा होता. धूळसुद्धा बसायला लागली होती.

"नाही," मी म्हणाले. "अजून उभी आहे."

बऱ्याच वेळाने सरांनी पुन्हा विचारलं, "अजून?"

"अजून."

मग त्यांनी शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं आणि सावकाश मैदानाकडे वळले. तिथे आता पडायला कुणीच नव्हतं. आठ वेळू तेवढे उभे होते. ते सगळं सरांनी चांगलं डोळे भरून पाहून घेतलं.

"इंजिनाचा आवाज कवाच गेला, मॅडम," ते म्हणाले. "गणिताच्या बाई तुमी, अन् उत्तर साफ चुकलं."

मी मान खाली घातली.

"पन एक देतो."