डावा हातमोजा

मंगळवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास आंधळगावातल्या एका फिजिओथेरपीच्या दवाखान्यातून करडी गावचे लक्ष्मणराव उघड्या पाठीने ओरडत रस्त्यावर धावत आले. अर्ध्या तासापूर्वी त्यांना दोघा शेजाऱ्यांनी धरून आत नेलं होतं, तेव्हा ते विळ्यासारखे वाकलेले होते!

दवाखाना भुपेंद्रचा. लक्ष्मणरावांच्या मुलीशी, राखीशी त्याचं जुळलं होतं, राखीच्या आईलाही तो पसंत होता. अडलं होतं लक्ष्मणरावांपाशी. "माणसं दाबणे हा काय कामधंदा होये?" एवढंच त्यांचं म्हणणं. अशात धानाचं पोतं उचलताना त्यांच्या कमरेत उसण भरली आणि भुपेंद्रला देवच पावला!

राखीने फोनवर बजावलं होतं, "आई घरचे तांदूळ आणून राहिली. ठेवून गेली तर हो समज. परत नेले तर संपलं!"

"काकाजी, आपल्याकडे अंदाजाचं काम नाही जी," भुपेंद्रने छाती फुगवली. "हे सेन्सरचे हातमोजे. किती जोरानं दाबून राहिलो ते किलोत पडद्यावर दिसते. पाचच्या वर मी जातच नाही!"

पडदा त्याने मुद्दाम लक्ष्मणरावांच्या डोळ्यांसमोर ठेवला. दोन्ही मोज्यांवरचा जोर मिळून एकच आकडा दिसायचा.

तेवढ्यात ललिताबाई आत आल्या. हातात मोजे घालून होणाऱ्या सासूच्या पाया कसं पडायचं? भुपेंद्रने दोन्ही मोजे काढून स्टुलावर टाकले, पाया पडला आणि घाईत उजवाच परत चढवला. दाबायचं तर एकाच हाताने होतं!

पडद्यावर चार.

"बरं वाटून राहिलं," लक्ष्मणराव पुटपुटले.

ललिताबाईंनी तांदळाची पिशवी टेकवायला जागा शोधली. जिथे लोकांच्या चपला फिरतात तिथे तांदूळ ठेवायचा? छे! त्यांनी ती स्टुलावर ठेवली.

चौदा! पडदा लालभडक!

"अबे, चौदा!"

"काकाजी, मी तर..." भुपेंद्रने हात हलका केला. ललिताबाईंनी वर लाखोरी डाळीचं गाठोडं ठेवलं. सतरा!

"मारतं काय बे!" लक्ष्मणरावांची कधी न दुखलेली जागाही आता ठणकू लागली. "हा पोट्टा जीव घेते माझा!"

"काहून ओरडता जी? पोराले काम करू द्या नं!" असं म्हणत ललिताबाई नीट पाहायला पिशवीवर दोन्ही हात रोवून वाकल्या. अडतीस! यंत्र टीं टीं करू लागलं.

भुपेंद्रला घाम फुटला. मणका मोडला तर लग्नही मोडलं! त्याने हात पार उचलून घेतला. ललिताबाई काळजीने आणखी वाकल्या. चाळीस!

"हात काढ बे!"

"काढला नं जी! हे पाहा, दोन्ही हात वर!"

लक्ष्मणरावांनी मान वळवली. हात खरंच वर होते. त्यांनी पडद्याकडे पाहिलं. चाळीस.

"मंग मले दाबून कोण राहिलं?"

उत्तरासाठी ते थांबले नाहीत. फटाका लागल्यासारखे पलंगावरून उडाले आणि दाराबाहेर! मागोमाग ललिताबाई धावल्या. आकडा धपकन पंधरावर आला. भुपेंद्रने स्टुलाकडे पाहिलं. पिशवीखालून डाव्या मोज्याचं निळं बोट बाहेर डोकावत होतं.

तो रस्त्यावर पोचला तेव्हा लक्ष्मणराव चहाच्या टपरीपाशी धापा टाकत उभे होते. पण ताठ! विजेच्या खांबासारखे! भुपेंद्रच्या जिवात जीव आला.

"काकाजी, कंबर?"

लक्ष्मणरावांनी कंबर चाचपली. वाकले. उठले. पुन्हा वाकले. चेहरा उजळला.

"दुखत नाही बे!" मग दवाखान्याच्या दाराकडे संशयाने पाहत म्हणाले, "पण मी आता अंदर येत नाही!"

सदरा बाहेरच मागवून लक्ष्मणरावांनी तो चढवला आणि दोघं नवरा-बायको करडीला निघून गेले. लग्नाबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. पिशवी मात्र स्टुलावरच राहिली. ठेवली की विसरली?

"विचारू काय आईले?" संध्याकाळी राखीने फोनवर विचारलं.

"नको, नको! आठवली तर न्यायले येतील!"

शेवटची खबर हाती आली तेव्हा पिशवी मोज्यावरच होती. पडद्यावर पंधरा.