नानांचं पिकेल जॅझ

प्रल्हादनाना कुणालाही पहिल्यांदा भेटले, की नमस्कार करायच्या आधी अंगठ्याने त्याचा दंड दाबून बघत. मीही त्यातून सुटलो नाही. धुळ्याहून बदली होऊन जळगावच्या बँकेत आलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी काउंटरच्या जाळीखालून एक हात आत आला, माझा दंड दाबला गेला आणि पलीकडून आवाज आला, "कच्चा शे अजून. चार दिवस ऱ्हाऊ द्या."

चौकशी केल्यावर कळलं, की या गृहस्थांची केळी पिकवायची वखार आहे. उभा जन्म केळं दाबण्यात गेलेला. त्यामुळे जगातल्या यच्चयावत वस्तूंचे त्यांनी तीनच वर्ग केले होते. कच्चं, पिकेल आणि सडेल. पिकेल म्हणजे पिकलेलं, मऊ, खायला योग्य. आमचे मॅनेजर नानांच्या मते "पावडरवर पिकेल" होते, म्हणजे वरून पिवळे आणि आत टणक. त्यांच्या हाताखाली सहा महिने काढल्यावर नानांचा अंगठा किती तयार आहे, हे मला पटलं.

नाना मूळचे दोंडाईच्याकडचे. बोलणं अस्सल तिकडचं, जळगावात इतकी वर्षं काढूनही बदललं नाही. घरात एकटेच. बायको मी येण्याच्या बऱ्याच आधी वारलेली, मूलबाळ नाही. ते त्याबद्दल बोलत नसत आणि आम्हीही कधी विचारलं नाही.

तर या माणसाला जॅझचं वेड होतं. हसू नका. मीही हसलो होतो. केळीच्या वासात, पांढरा पायजमा आणि टोपी घालून बसलेला माणूस रेडिओचा काटा लघुलहरींवर केसभर इकडे, केसभर तिकडे करत सॅक्सोफोन शोधतोय, हे दृश्य बघून कुणीही हसेल. त्यातही जॅझ सरसकट चालत नसे. ढोल बडवणारं आणि तुतारीसारखं किंचाळणारं जॅझ कच्चं. चित्रपटातली गाणी सडेल. फक्त संथ, गोल, लोण्यासारखं वाजणारं सॅक्सोफोनचं जॅझ तेवढं पिकेल. "हाई पिकेल शे भो," असं म्हणून ते डोळे मिटत आणि मग अर्धा तास त्यांच्याशी बोलण्यात अर्थ नसे.

दर रविवारी दुपारी वखारीच्या माडीवर आमचं मंडळ भरे. मंडळ म्हणजे चारच टाळकी. नाना, मी, कॉलेजात फिजिक्स शिकवणारे असोद्याचे चौधरी सर आणि सोनवणे गुरुजी. सोनवण्यांचे वडील धुळ्यात लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे, त्यामुळे आमच्यात सुरांचं खरं ज्ञान असलेले तेवढेच. चौधरी सरांना ज्ञान नव्हतं, पण मतं भरपूर होती. मी चहासाठी जायचो. निदान सुरुवातीला तरी.

नानांकडे कॅसेटी पुष्कळ, पण मंडळाचं दैवत एकच. त्या कॅसेटला नाव नव्हतं. बऱ्याच वर्षांपूर्वी एका संध्याकाळी रेडिओवर एक सॅक्सोफोन लागला आणि नानांनी टेपरेकॉर्डर रेडिओसमोर ठेवून तो भरून घेतला. तेव्हा असंच भरायचं असे, वायरी वगैरे कुणाला ठाऊक होत्या? गाणं मोठं रंगलं, आता कळसाला जाणार, एवढ्यात लाईट गेली. रेडिओ बंद, टेपही बंद. गाण्याचं नाव, वाजवणाऱ्याचं नाव शेवटी सांगतात, ते अंधारात गेलं. त्यामुळे कॅसेट त्या ठिकाणी आली, की घुऽम असा आवाज होऊन सगळं थांबायचं आणि नाना दर वेळी न चुकता म्हणायचे, "गई लाईट."

ते गाणं सुरू झालं, की नाना आमच्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करत. आम्ही ते रसिकतेत जमा करून टाकलं होतं.

त्या गाण्यात सॅक्सोफोनच्या मागे एक वाद्य होतं. थप, थप, मग एक फिरक, पुन्हा थप, थप. आणि अधूनमधून अगदी नाजूक छिन्न. असलं वाद्य दुसऱ्या कुठल्याही कॅसेटवर नव्हतं. त्यावरून आमच्यात किती रविवार कामी आले, काय सांगू! चौधरी सर म्हणत, हा आफ्रिकेतला चामड्याचा ढोल आहे आणि त्याला खाली पितळी चकत्या असतात. कुठे बघितला, असं विचारलं की म्हणत, तत्त्व समजून घ्या. सोनवणे म्हणत, वाद्य कुठलंही असो, पण वाजवणारा मोठा आहे, कारण तो सॅक्सोफोनच्या मागे धावत नाही, आपल्या चालीने जातो. नानांना विचारलं, तर ते कान खाजवत आणि चहा सांगत.

आणि मग एका हिवाळ्यात पेपरात बातमी आली, की मुंबईला तीन दिवसांचा जॅझ महोत्सव आहे आणि परदेशातून सॅक्सोफोनवाले येणार आहेत. नाना पेपर घेऊन बँकेतच आले. त्यांचा हिशोब सरळ होता. एवढे सॅक्सोफोनवाले एका जागी जमणार, त्यातल्या एकाला तरी आपलं अर्धं गाणं ठाऊक असेल. मग पुढे काय होतं, ते एकदाचं कळेल. "पुढलं ऐकाले पाहिजे भो," ते म्हणाले, "आता माले ऱ्हावात नही." त्यांचा चेहरा बघून मी तिथल्या तिथे रजेचा अर्ज खरडला.

प्रवासाला नानांनी एका करंडीत केळीच्या तीन फण्या घेतल्या. एक पहिल्या दिवशी पिकणार, एक दुसऱ्या, एक तिसऱ्या. महोत्सव तीन दिवसांचा, म्हणून केळीही तीन दिवसांची. कुणी दुसऱ्या दिवसाच्या फणीला पहिल्या दिवशी हात लावला, तर नाना चापट मारत. आमदारसाहेबांच्या चिठ्ठीवर आमदार निवासात खोली मिळाली होती. तिथल्या खाटा नानांनी दाबून बघितल्या आणि कच्च्या ठरवल्या.

महोत्सव मोकळ्या मैदानावर, उतरत्या दुपारी सुरू व्हायचा. दाढ्या, जीन्स, सिगारेटी ओढणाऱ्या बाया. त्यात आम्ही चौघं करंडी घेऊन. पहिल्या दिवशी सगळं आदळआपट. चौधरी सर समजल्यासारखी मान हलवत होते आणि टाळ्या भलत्याच ठिकाणी वाजवत होते. नाना करंडी सांभाळत बसले होते. शेवटी म्हणाले, "कच्चं. बठ्ठं कच्चं." बठ्ठं म्हणजे सगळंच. शेजारच्या दाढीवाल्या तरुणाने वळून पाहिलं, तर नानांनी त्याचा दंड दाबला.

दुसऱ्या दिवशी एक उंचच उंच, पिकल्या दाढीचा गोरा साहेब सॅक्सोफोन घेऊन उभा राहिला आणि पहिल्याच सुराला नानांनी माझा गुडघा धरला. पिकेल! त्याचं वाजवणं संपताच नाना उठले आणि सेलवरचा छोटा टेप काखेत मारून थेट स्टेजच्या मागे. अडवणाऱ्या पोराच्या हातात त्यांनी एक केळं ठेवलं आणि तो ते सोलेपर्यंत आम्ही आत.

साहेब भला माणूस. खुर्चीवर बसून त्याने कॅसेट ऐकली. ऐकता ऐकता त्याचं हसू पसरत गेलं. घुऽम झालं, नाना सवयीने "गई लाईट" म्हणाले, आणि साहेब चौधरी सरांना म्हणाला, की हे मला येतं, उद्या वाजवतो. मग साहेबाने कॅसेट पुन्हा थोडी मागे घेतली, कान जवळ नेला आणि विचारलं, हा ताल धरणारा कोण?

चौधरी सरांच्या ओठावर आफ्रिका आली होती. पण त्यांनी नानांकडे बघितलं. नानांनी टेपवर तळवा ठेवला. मग म्हणाले, "घरनं माणूस शे, सांगा त्याले."

सरांनी इंग्रजीत ठोकून दिलं, की आमच्याकडचे एक स्थानिक कलाकार आहेत. साहेबाने मान डोलावली आणि काहीतरी हळू बोलला. सरांनी भाषांतर केलं. "म्हणतोय, हात फार मऊ आहे. अशी लय शिकवून येत नाही."

नानांनी टोपी काढून तिने तोंड पुसलं. मग तिसऱ्या दिवसाची फणी साहेबाला दिली. साहेबाने लगेच एक तोडायला घेतलं, तर नानांनी त्याचा हात धरला आणि सरांकरवी बजावलं, की हे उद्या खायचं. साहेबाने निमूट ऐकलं. बाहेर आल्यावर सोनवण्यांनी विचारलं, घरचं माणूस म्हणजे कोण? नाना म्हणाले, "मंग सांगसू." आम्ही धरून चाललो, की नानांनी साहेबाला थाप मारली.

तिसऱ्या दिवशी साहेब शब्दाला जागला. गाण्याचा पहिला सूर आला आणि आम्ही चौघंही एकदम ताठ झालो. तेच गाणं! स्वच्छ, खरखर नाही, रेडिओची शिट्टी नाही. पण थोड्याच वेळात आमची चुळबूळ सुरू झाली. थपथप कुठाय? मागचा ड्रमवाला भलतंच काहीतरी कुरकुर वाजवत होता. सोनवणे चिडून म्हणाले, की याने गाण्याची वाट लावली. सर म्हणाले, तो ढोल विमानात चढवू दिला नसेल. साहेबाला मूळ गाणं नीट ठाऊक नाही, यावर आमचं एकमत झालं.

तेवढ्यात माझ्या शेजारी आवाज आला. थप, थप. नाना डोळे मिटून मांडीवर तळवा मारत होते. थप, थप, मग हात फिरवून पुन्हा थप, थप. एक फिरक चुकली नाही. पुढच्या रांगेतली आखूड केसांची बाई रागाने वळली. तिने नानांचा चेहरा बघितला आणि काही न बोलता पुन्हा समोर बघू लागली.

लाईट जाते ती जागा आली. नानांचा हात वर गेला आणि तिथेच थांबला. गाणं पुढे गेलं. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली, ते आम्ही ऐकलं. अर्ध्या मिनिटाचा मामला. सॅक्सोफोन एकदा वर गेला, हळूच खाली आला आणि संपला. टाळ्या कडाडल्या. नानांनी टाळी वाजवली नाही. हात मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "संपनं."

परतीच्या गाडीत सर धुसफुसत होते, एवढ्यासाठी एवढी वर्षं! नाना खिडकीबाहेर बघत होते. सोनवण्यांनी साहेबाकडून गाण्याचं नाव लिहून घेऊन मैदानाबाहेरच्या दुकानातून त्याची नवी करकरीत कॅसेट आणली होती, ती नानांना दिली. नानांनी ती अंगठ्याने दाबली, चांगली शे म्हणाले आणि खिशात टाकली. पण पुढच्या रविवारी माडीवर गेलो, तर ती तशीच प्लॅस्टिकच्या कागदात आणि टेपमध्ये जुनीच. घुऽम. गई लाईट. सोनवण्यांना फार लागलं. मलाही नानांचा राग आला. पूर्ण गाणं हाताशी असताना अर्ध्याचा हा कसला हट्ट?

भरिताचे दिवस होते. चौधरी सरांनी असोद्याच्या शेतात बोलावलं. दुपारची वेळ, कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजलेली, कांद्याची पात, मिरची, आणि चुलीपाशी सालदाराची बायको ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी करत होती. आम्ही पानावर तुटून पडलो. बोलणं साहेबावरून ड्रमवाल्यावर आलं. सरांनी आफ्रिका काढली. आणि सोनवण्यांचा घास हातातच राहिला.

थप, थप. परातीत भाकरी फिरली. थप, थप. मनगटावरच्या बांगड्या वाजल्या. छिन्न.

सर बोलता बोलता थांबले. मी त्या कॅसेटची घरी कॉपी करून घेतली होती, तिच्यात शेजारच्या कुकरची शिट्टी भरली गेली होती, ती मला बरोब्बर कळली होती. पण हे नाही कळलं. कळणार कसं? आम्ही तिघंही भाकरी ताटात पडल्यावरच तिच्याशी ओळख असलेले पुरुष. ती होते कशी, ते कधी ऐकलंच नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

नाना जाळाकडे बघत होते. कुणी काही विचारलं नाही, तरी म्हणाले, "रेडिओ चुलीपाशीच व्हता. मी म्हनं, जरा थांब, टेप चालू शे. ती म्हने, तुमना टेप थांबाडा, भाकर करपी जाई. त्या दिनले मी चिडनू तिनावर. आवाज भरना म्हनीसन." जरा वेळाने म्हणाले, "मंग तिना तेवढाच ऱ्हायना."

भाकरी करणाऱ्या मावशीला यातलं काही कळलं नाही. तिने शेवटची भाकरी तव्यावर टाकली आणि परात बाजूला सरकवली. नानांच्या ताटात दोन भाकरी तशाच पडून होत्या.

"माय," नाना म्हणाले, "आखो एक टाक."

मावशीने ताटाकडे पाहिलं, नानांकडे पाहिलं आणि परात पुन्हा पुढे ओढली. थप, थप. नानांनी भिंतीकडे तोंड करावं तशी केळीच्या बागेकडे मान वळवली. भाकरी झाली, ताटात आली, आणि त्यांनी तिला हातही लावला नाही.

सोनवण्यांनी आपलं ताट पुढे केलं. म्हणाले, मावशी, मलाही एक. मग मी मागितली. आमची पोटं तडस लागेपर्यंत भरलेली होती, सर तर लेंग्याची नाडी सैल करून बसले होते. मावशी पीठ मळता मळता पुटपुटली, की काय खाणारी माणसं आहेत ही. सरांनी ताट उचललं आणि अगदी हळू आवाजात सांगितलं, "मावशी, मला दोन. घाई करू नका."