अण्णांची आवाजाची गाळणी

चाकणला आमच्या शेजारी शंकरअण्णा राहतात. हा माणूस गेला महिनाभर रोज सकाळी काडेपेटीएवढ्या एका हिरव्या सर्किट बोर्डाची मनधरणी करत होता. "बोल की बाबा, बोल!" बोर्ड ढिम्म.

अण्णांची उभी हयात पत्रे ठोकणाऱ्या प्रेसशॉपमध्ये गेली आणि तिथेच कानही गेले. कानाचं मशीन आणलं होतं, पण घर हायवेलगत. "बायकोचा आवाज मोठा झाला, तसा ट्रकबी मोठा झाला," अण्णा म्हणतात. मशीन कपाटात गेलं आणि काकू खुणांवर आल्या. जेवायला बोलवायचं तर समोर येऊन ताट दाखवायच्या.

मग मोबाइलवर कुठलासा व्हिडिओ बघून अण्णांनी हा डीएसपी बोर्ड मागवला. माइकमधून आवाज आत घ्यायचा, सॉफ्टवेअरने त्यातला ट्रक गाळायचा आणि काकू तेवढ्या कानात सोडायच्या. चहाची गाळणीच म्हणा ना. मदतीला मी! का, तर माझ्याकडे लॅपटॉप आहे. अहो, मी कंपनीत पगारपत्रकं करतो! पण हे अण्णांना सांगणार कसं? ऐकू कुठे येतंय?

"आधी सेटिंग, मग प्रॉडक्शन," हे त्यांचं पालुपद. प्रोग्राम चढवला, दिवा लुकलुकला, आवाज नाही. फिल्टर बदलला, केबल बदलली. स्क्रीनवर आवाजाची रेघ आपली आडवी झोपलेली. "डाय नीट बसली न्हाई बघ," अण्णा म्हणाले. आता यात प्रेसचा साचा कुठून आणू? माझं डोकं पार आउट झालं.

शेवटी बोर्ड नाकाशी धरला, तर माइकच्या बारीक भोकात लाल-पिवळं काहीतरी घट्ट बसलेलं.

"काकू, हे काय?"

"हळदकुंकू. नवं मशीन हाय ना? कंपनीत बी लावत्यात की. म्हनलं, ह्यांच्या कानाचं काम हाय, तर चांगलं बोट दाबून लावलं."

हसावं की रडावं! जुन्या टूथब्रशने भोक मोकळं केलं. रेघ थरथरली. अण्णांनी हेडफोन चढवले. बाहेरून कंटेनर धडधडत गेला, त्यांनी मानही वळवली नाही.

"हां, काढ पहिला पीस. बोल," ते काकूंना म्हणाले.

काकू जुन्या सवयीने किंचाळल्या, "अवो, जेवता का?"

अण्णा दचकून उभेच राहिले. "वरडती कशाला? हळू बोल की. येतंय मला ऐकू."

काकूंनी तोंड उघडलं, पण शब्दच फुटेना. पदर डोळ्यांना गेला.

अण्णा तोवर बोर्डावर वाकले होते. "बंद पडलं राव परत," ते मला म्हणाले, आणि वायर हलवून बघायला लागले.