बाळाचं नोंदणीकृत नाव

पाळणाघरात प्रवेशासाठी बाळाच्या तपासणीचा कागद लागतो. तो दवाखान्याच्या संगणकात असतो आणि पाळणाघराच्या संगणकाने तिथून आपला आपण शोधून आणायचा, अशी उत्तम सोय आहे. आईची रजा शुक्रवारी संपत होती. सोमवारी बाळाला कुठेतरी ठेवता यावं, एवढंच तिचं मागणं होतं.

दवाखान्याची प्रणाली कागदाचा ठावठिकाणा लिहिताना दोन कप्प्यांच्या मध्ये उलटी तिरकी रेघ देते. पाळणाघराची प्रणाली वेगळ्या भाषेत लिहिलेली. तिला सुलटीच रेघ कळते. दोन्हींना ‘कुठेही चालेल’ असं प्रमाणपत्र आहे, कारण दोन्ही आपापल्या खोलीत चालवून पाहिल्या होत्या. तेव्हा पाळणाघराच्या प्रणालीने तो अख्खा ठावठिकाणा एकच नाव समजून वाचला आणि नावाच्या रकान्यात सन्मानाने बसवला.

“नाव?” व्यवस्थापिकाबाईंनी विचारलं.

“घरी ठकी म्हणतो. कागदावर...”

“कागदावर ‘बालके उलटी रेघ तपासणी उलटी रेघ सातशे बारा’ आहे.”

“अहो, ती कागद ठेवल्याची जागा आहे!”

“ताई, पत्त्याचा रकाना वेगळा असतो. तोही रिकामाच दिसतोय तुमचा.”

दवाखान्याचा प्रोग्रामर फोनवर म्हणाला, “रेघ आमची बरोबर आहे. वाचणाऱ्याने मान वाकडी करावी.” पाळणाघराचा म्हणाला, “आमची मान सरळ आहे.” मंगळवारी समिती बसली. प्रणाली बदलायला अकरा महिने लागतील, बाळ मात्र शिकण्याच्या वयाचं आहे, असा निष्कर्ष निघाला. नोंदणीकृत नावाला बाळाने समक्ष प्रतिसाद द्यावा, म्हणजे झालं.

आईने दूध पाजताना, लंगोट बदलताना तेच नाव घेतलं. ‘उलटी रेघ’ म्हटलं की पोटावर फुर्र करून फुंकर. गुरुवारपर्यंत ठकी रेघ यायच्या आधीच पाय झाडू लागली.

शुक्रवारी व्यवस्थापिकाबाईंनी खड्या आवाजात नाव पुकारलं. दुसऱ्या रेघेला ठकी खुदकन हसली.

“ओळख पटली,” म्हणत बाईंनी शिक्का मारला.

आईने पर्समधून तक्रारीचा कागद काढला आणि रांगेकडे वळली. “बघितलंत ना? आज माझं झालं, उद्या तुमचं. सगळ्यांनी सह्या करा.”

खांद्यावर बाळ घेतलेले एक बाबा लगबगीने पुढे आले. “करू या की! हा अन्याय आहे.” त्यांनी कागद घेतला, उलटा केला आणि पेन उघडलं. “पण आधी सांगा, कितव्या महिन्यापासून सुरू केलंत? आमचा पाचचा झाला, पहिल्याच रेघेला अडकतो. आणि जरा हळू सांगा, मागचे ऐकताहेत.”