लिफ्टचं बटण कोणी चोरलं?

"मुलगी गुणी आहे गं, पण नवा फ्रिज आणून ठेवावा तशी आहे. आहे, एवढंच. फ्रिजचा निदान आवाज तरी येतो."

सासूबाई फोनवर आपल्या बहिणीला हे सांगत होत्या आणि मी दाराच्या अलीकडे टॉवेलांची चळत घेऊन उभी होते. खरं तर मला वाईट वाटायला हवं होतं. (लग्नाला तीनच महिने झालेत, वाईट वाटण्याचा हा ऐन हंगाम.) पण मनात पहिला विचार आला तो असा, की वाक्य झकास आहे. मी टॉवेल ठेवले आणि ते लिहून काढलं.

इथे माझा उद्योग सांगायला हवा. मी कॉम्प्युटरवरच्या खेळांसाठी संवाद लिहिते. आमचा नवा खेळ विनोदी गुप्तहेराचा आहे. एका इमारतीतल्या लिफ्टचं बटण चोरीला जातं, लिफ्ट बंद पडते आणि गुप्तहेर दारोदार चौकशी करत फिरतो. गुप्तहेर कंपनीने आधीच ठरवून टाकला होता. माझ्या वाट्याला शेजारीपाजारी आले होते. प्रत्येकाची तऱ्हा निराळी हवी. मी लिहिलेले तिघं वाचून आमच्या टीम लीडबाईंनी (ऑफिसातलं नाव कात्री) निकाल दिला, "तुझी सगळी पात्रं एकाच माणसासारखी बोलतात. आणि तो माणूस फारसा बोलत नाही. सोमवारी अकरापर्यंत नवी माणसं दे, नाहीतर हे काम दुसऱ्या कुणाला देते."

मी नोकरीत अजून कायम झालेले नाही. काम गेलं की मीही गेले. आता माणसं आणायची कुठून? घरात तर होती! मी कंबर कसली आणि आठवडाभर कान उघडे ठेवले.

सासूबाई, म्हणजे आई, "मला काही म्हणायचं नाहीये" अशी सुरुवात करून अर्धा तास म्हणतात. खेळातल्या खिडकीतल्या बाई तशाच झाल्या. त्यांच्यावर एकदा क्लिक केलं की अकरा वाक्यं संपेपर्यंत गुप्तहेराची सुटका नाही. बाबा घरात आलेल्या प्रत्येक वस्तूचा रिकामा खोका जपून ठेवतात. खेळातले काका खोक्याशिवाय पुराव्याला हात लावत नाहीत. नवरा कुठल्याही कामाला "हो, करतो" म्हणतो आणि बसून राहतो. त्याला मी पहारेकरी केलं. माझा गोंधळ नको म्हणून फाइलमध्ये तिघांना तात्पुरती नावं दिली: आई, बाबा आणि 'हा'. पाठवण्याआधी बदलायची होती.

रविवारी सकाळी कपडे वाळत घालून मी बादली घेऊन घरात आले, तर नवऱ्याने (आयुष्यात पहिल्यांदाच कुणी न सांगता काहीतरी करून) माझा लॅपटॉप टीव्हीला जोडला होता. "आई, हिचं काम बघ तरी!"

टीव्हीभर खिडकीतल्या बाई. खाली ठसठशीत अक्षरांत 'आई'. आणि त्या गुप्तहेराला सांगत होत्या, "आमची नवी सून? नवा फ्रिज आणून ठेवावा तशी आहे. आहे, एवढंच."

माझ्या हातातून बादली सुटली. (चला, आवाज तरी झाला.)

"हे तू ऐकलंस?" आई हळूच म्हणाल्या.

मी मान डोलावली.

"मी अशी बोलते?"

"तंतोतंत," बाबा म्हणाले.

"थांबा, तुमचं येऊ द्या आता!"

आलं. बाबांनी चष्मा पुसून स्वतःला दोनदा पाहिलं. मी मनातल्या मनात सामान बांधायला घेतलं. (खोके घरात होतेच.) आई उठल्या, टीव्हीजवळ गेल्या आणि पडद्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "मला अकरा वाक्यं आणि यांना चौदा? का म्हणून?"

त्यानंतर माझ्याच कामात मला कुणी विचारेना. आईंनी आपली वाक्यं सोळा करून घेतली, वर खिडकीला पडदा मागितला. बाबांनी रेघा मारलेल्या कागदावर चुकांची यादी केली. फ्रिजचं वाक्य मी काढायला गेले, तर आईंनीच हात धरला. "राहू दे. चांगलं जमलंय. माझंच आहे ना?"

रात्री नावं बदलून मी फाइल पाठवली. सोमवारी दहाला कात्रीचा व्हिडिओ कॉल आला. "माणसं मिळाली! पण चोर कोण? आणि त्याला बटण हवंय कशाला? अकरापर्यंत कारण सांग, नाहीतर शेवट दुसरा कुणी लिहील."

कॉल संपायचा अवकाश, आई म्हणाल्या, "चोर मीच. सोळा वाक्यं बोलून निर्दोष सुटायचं, तर मग बोलले कशाला?"

"चोरीला शिस्त लागते," बाबा म्हणाले. "तू संध्याकाळपर्यंत स्वतःच सगळ्यांना सांगशील."

"आणि तुम्ही? खोका मिळाल्याशिवाय बटण काढणार नाही!"

"मी होऊ का चोर?" नवऱ्याने विचारलं.

"तू?" दोघं एकदमच म्हणाले. "चोरी करतो म्हणशील आणि बसशील!"

दहा पन्नास झाले. चोर तीन होते, कारण एकही नव्हतं. मी दात-ओठ खाऊन फाइल उघडली आणि एक पात्र वाढवलं: नवी सून, जिन्याच्या वळणावर, भिंतीला टेकून. तिघंही माझ्या खांद्यावरून वाचायला लागले.

"ही चोर? ही तर तोंडही उघडत नाही!" आई म्हणाल्या.

"हिला बटण काय करायचंय?" बाबांनी पेन्सिल सरसावली. "कारण काय लिहू?"

दहा छप्पन्न. या घरात मी इतक्या मोठ्याने पहिल्यांदाच बोलले:

"अहो, लिफ्ट बंद पडली की माणसं जिन्याने जातात, मजल्यामजल्यावर थांबून बोलतात आणि मला ऐकायला मिळतं! नाहीतर माझ्या डोक्यात माझं स्वतःचं असं एक तरी वाक्य आहे का?"